फीड कमी करून एंडमिल वाचत नाही

प्रश्न : माझ्याकडे टेबलावर मावणारा छंदापुरता सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेवर कापणी करणारं यंत्र) आहे. लाकूड आणि अ‍ॅक्रिलिक त्यावर छान निघतं. आता ६ मि.मी. जाडीच्या ६०६१ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीतून मोटरचं ब्रॅकेट काढायला घेतलंय. एंडमिल (कडेनेही कापणारं, ड्रिलसारखं दिसणारं हत्यार) ३ मि.मी.ची, चार फ्लूटची (म्हणजे चार धारांची), टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियम-नायट्राइड कोटिंगची. स्पिंडल (एंडमिल फिरवणारी मोटर) २४,००० आरपीएम (मिनिटाला फेरे), फीड (एंडमिल पुढे सरकण्याचा वेग) मिनिटाला १५० मि.मी. थोड्याच वेळात टोकावर अ‍ॅल्युमिनियमचा गोळा जमतो आणि एंडमिल तुटते. फीड आणखी कमी केला तर आणखी लवकर तुटते. ६ मि.मी.ची भोकं ड्रिल बिट लावून पाडली, तर कर्कश आवाज होतो आणि भोक मोठं, वेडंवाकडं येतं. यंत्रच कमजोर आहे का?

उत्तर : आकडे दिलेत, फार बरं केलंत. यंत्र कमजोर आहेच, पण तुमची एंडमिल त्यामुळे तुटत नाही.

फीडला आरपीएम आणि फ्लूटच्या संख्येने भागा. १५० भागिले (२४,००० गुणिले ४), म्हणजे दर फ्लूटच्या वाट्याला आले ०.००१६ मि.मी. एंडमिलच्या धारेची स्वतःची गोलाईसुद्धा बहुतेक वेळा याहून जास्त असते. एवढ्याशा खोलीत धार घुसतच नाही, ती धातूवर नुसती घासत राहते. घासण्याने उष्णता होते, मऊ झालेलं अ‍ॅल्युमिनियम धारेला चिकटतं, धार बुजली की घासणं वाढतं. तुम्ही फीड कमी केलात म्हणजे कापणं कमी करून घासणं वाढवलंत. ‘हळू चालवा म्हणजे जपून चालेल’ हा सल्ला ज्याने कोणी पहिल्यांदा दिला, त्याने अ‍ॅल्युमिनियम कापलं नसावं.

३ मि.मी.च्या एंडमिलला दर फ्लूटमागे ०.०२ ते ०.०३ मि.मी. तरी मिळायला हवेत. चार फ्लूट असताना तेवढा फीड तुमच्या यंत्राला झेपणार नाही आणि चार फ्लूटच्या खाचांत चिप्सना (कापून निघालेल्या धातूच्या पापड्यांना) जागाही नसते. एकाच फ्लूटची, बिनकोटिंगची, चकचकीत पॉलिश केलेली कार्बाइड (फार कठीण द्रव्याची) एंडमिल घ्या. तुमच्या कोटिंगमध्येच अ‍ॅल्युमिनियम आहे आणि ते जॉबच्या (कापायच्या तुकड्याच्या) अ‍ॅल्युमिनियमला जवळ करतं. पोलादासाठी ते कोटिंग उत्तम, इथे नको. मग १६,००० आरपीएम, एक फ्लूट, ०.०३ मि.मी. : फीड झाला ४८०. यंत्र एवढ्या फीडला थरथरत असेल तर आरपीएम खाली आणा. १०,००० ला ३०० पुरतो. दर फ्लूटचा वाटा मात्र कमी करायचा नाही.

नरमाई दाखवायची ती खोलीत. एका पासला (एका थराला) ०.२ ते ०.३ मि.मी. पुरे. ६ मि.मी. जाडीला वीस ते तीस पास लागतील, लागू देत. एंडमिल सरळ खाली खुपसू नका, दोन-तीन अंशांच्या उतारावरून आत उतरवा. कोलेटबाहेर (एंडमिल पकडणाऱ्या चिमट्याबाहेर) ती गरजेपुरतीच काढा : बाहेरची लांबी दुप्पट झाली की वाकणं आठपट होतं. म्हणून ६ मि.मी.च्या जॉबला २० मि.मी. लोंबती एंडमिल बघितली की मला राहवत नाही.

चिप्सचंही बघा. एंडमिलच्याच रुंदीची खाच पाडत गेलात तर चिप्स तळाशी अडकतात आणि तीच एंडमिल त्यांना पुन्हा चिरडते. प्रोग्रॅममध्ये खाच ३ ऐवजी ४ मि.मी.ची ठेवा आणि कटवर सतत हवा मारा. काम जमतंय की नाही हे हाताला कळतं : यंत्र थांबल्यावर चिप्स चिमटीत धरा. कडक, चमकदार, वेगळ्या होणाऱ्या पापड्या असतील तर ठीक. राखाडी भुगा असेल तर अजून घासताय.

आता भोकं. ६ मि.मी.चं ड्रिल २४,००० ला फिरलं की त्याची कडा मिनिटाला साधारण ४५० मीटर धावते. एचएसएस (हाय-स्पीड स्टील) ड्रिलला अ‍ॅल्युमिनियममध्ये ६० ते ९० मीटर मानवतात, म्हणजे तीन ते पाच हजार आरपीएम. बहुतेक राउटरचे स्पिंडल एवढे खाली येतच नाहीत, आले तरी जोर उरत नाही. शिवाय ड्रिल सगळा दाब उभ्या दिशेने देतं, आणि या यंत्राचा झेड अक्ष (वर-खाली सरकणारा भाग) तिथेच लवतो. म्हणून भोक पाडू नका, तीच ३ मि.मी.ची एंडमिल गोल जिन्यासारखी फिरवत खाली न्या. दर फेरीला ०.३ मि.मी. उतार. इथे एक गोष्ट हमखास सुटते : प्रोग्रॅममधला फीड एंडमिलच्या मध्याचा असतो. ६ मि.मी.च्या भोकात मध्य ३ मि.मी.च्या वर्तुळावर फिरतो आणि बाहेरची धार ६ च्या, म्हणजे दुप्पट वेगाने. ४८० ऐवजी २४० लिहा. शेवटी ०.१ मि.मी.चा एक सफाईचा फेरा. तरीही भोक लंबगोल आलं तर एंडमिलला दोष देऊ नका, एक्स-वाय (आडव्या) अक्षांच्या नटमधला खेळ (ढिलेपणा) काढा.

एम३ (३ मि.मी.चा स्क्रू) च्या आट्यासाठी २.५ मि.मी.चं भोक लागतं, एम४ साठी ३.३. तेवढी बारीक भोकं राउटरवर पूर्ण करण्याचा अट्टाहास कशाला? ९० अंशांच्या टोकदार बिटने अर्धा मि.मी. खोल खूण करून घ्या आणि ड्रिल प्रेसवर पाडा. जागा राउटरने अचूक दिलेली असते, ड्रिल तिथून हलत नाही.

प्रश्न : अ‍ॅल्युमिनियम चिकटलेली कार्बाइड एंडमिल फेकूनच द्यायची का?

उत्तर : धार शाबूत असेल तर नाही. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवा. अ‍ॅल्युमिनियम विरघळतं, कार्बाइड राहतं. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही. भांडं काचेचं किंवा प्लॅस्टिकचं, हातमोजे आणि चष्मा घालून, उघड्या हवेत. बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे, तेव्हा जवळपास ज्योत नको. सुरीने खरवडू नका, कार्बाइडची धार ठिसूळ असते, टवका उडतो.

प्रश्न : थंड ठेवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारलं तर चालेल?

उत्तर : काम छान होतं, पण मी फवारू देणार नाही. स्वस्त राउटरच्या मोटरला ब्रश असतात आणि ब्रशमधून ठिणग्या पडतात. कटिंग ऑइलचे दोन थेंब कुंचल्याने खाचेत सोडा, बाकी हवा सांभाळेल. पाण्यात मिसळायचं कूलंट वापरत असाल तर खालचा एमडीएफचा (दाबलेल्या लाकूडतंतूंचा) बेड फुगेल आणि खोलीचा सगळा हिशेब चुकेल.