निरोप समारंभ, सत्कार की गौरवार्थ चर्चासत्र?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या एका विद्यापीठात अमेरिकी संविधानाचा इतिहास शिकवणारे प्राध्यापक निवृत्त होत आहेत. त्यांचे जुने विद्यार्थी आणि सहकारी दोन दिवस जमून निबंध वाचणार, आणि पुढे त्या निबंधांचं पुस्तक निघणार. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकात याची बातमी द्यायची आहे. याला ‘निरोप समारंभ’ म्हणावं की ‘सत्कार’? ‘फेस्टश्रिफ्ट’ आणि ‘एमेरिटस’ यांना मराठीत काय म्हणतात? ‘घटनात्मक इतिहास’ हा शब्द चालेल का?

आधी थेट उत्तर. कार्यक्रमाला ‘गौरवार्थ चर्चासत्र’ म्हणा, पुस्तकाला, म्हणजे फेस्टश्रिफ्टला, ‘गौरवग्रंथ’, आणि निवृत्तीनंतरच्या ‘एमेरिटस’ या उपाधीला ‘गुणश्री प्राध्यापक’. ‘घटनात्मक इतिहास’ मात्र टाळा. कारणं पुढे देतो, कारण या प्रत्येक शब्दाशेजारी एकेक फसवा शब्द उभा आहे.

‘निरोप समारंभ’ दहावीच्या मुलांचा असतो किंवा बदली झालेल्या तहसीलदारांचा. ज्याला निरोप देतात तो तिथून जातो. निवृत्त प्राध्यापक बहुधा जात नाहीत. ग्रंथालय, विभागातली उठबस आणि एखाददुसरा पीएच.डी.चा विद्यार्थी मागे राहतोच. ‘सेवापूर्ती सोहळा’ हा आपल्याकडच्या शाळा-कचेऱ्यांत रुळलेला शब्द आहे, आणि त्याच्या पाठोपाठ ‘नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त’ हे शब्द आपोआप लेखणीतून उतरतात. इथे ते चुकीचे ठरतील. अमेरिकेत कायम नेमणुकीच्या प्राध्यापकांना सत्तराव्या वर्षी सक्तीने निवृत्त करण्याची मुभा विद्यापीठांना १९९३ अखेरपर्यंत होती. १ जानेवारी १९९४ पासून ती संपली. म्हणजे तिथे ‘नियत वय’ नाहीच, प्राध्यापक स्वतः ठरवून थांबतात. म्हणून ‘स्वेच्छानिवृत्ती’ लिहावं म्हटलं, तर त्या शब्दाला बँका आणि कारखान्यांतल्या नोकरकपातीचा वास आहे. साधं ‘अध्यापनातून निवृत्त होत आहेत’ एवढं पुरे.

‘सत्कार’ म्हटलं की शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि मानपत्र डोळ्यांसमोर येतं. दोन दिवसांतल्या एका संध्याकाळी भोजन असेल, चार जण कौतुकाचं बोलणार असतील, तर तेवढ्या भागाला सत्कार म्हणा. बाकी वेळ लोक निबंध वाचणार, एकमेकांचे मुद्दे खोडणार, आणि ज्यांच्यासाठी जमले त्यांचेही सिद्धांत तपासणार. अशा जमावाला सत्कार म्हटलं तर वाचकाला वाटेल, नुसती भाषणं झाली.

आता ‘गौरवार्थ’. याच्या जागी ‘सन्मानार्थ’ चालतं, दोन्हींचा अर्थ एकच. पण ‘स्मरणार्थ’ आणि ‘स्मृतिप्रीत्यर्थ’ हे शब्द फक्त दिवंगत व्यक्तीसाठी आहेत. इंग्रजी मजकूर घाईत मराठीत आणताना ही चूक होते आणि ती फार महागात पडते, कारण ज्यांच्याबद्दल लिहिलंय ते पहिल्या रांगेत बसलेले असतात. पुस्तकाचंही तसंच: हयात व्यक्तीचा गौरवग्रंथ, गेलेल्या व्यक्तीचा स्मृतिग्रंथ. दुसरी बारीक गोष्ट म्हणजे ‘प्रा. अमुक यांच्यावरील चर्चासत्र’ लिहू नका. त्याचा अर्थ चर्चेचा विषयच प्रा. अमुक, असा होतो. निबंध त्यांच्या अभ्यासक्षेत्रावर आहेत, त्यांच्या चरित्रावर नाहीत.

चर्चासत्र, परिसंवाद, परिषद हे शब्द सर्रास अदलाबदलीने वापरतात. एका व्यासपीठावर तीन-चार वक्ते, एकच विषय आणि एकच बैठक असेल तर तो परिसंवाद. दोन-तीन दिवस, अनेक सत्रं, लेखी निबंध आणि प्रत्येक निबंधानंतर चर्चा असेल तर चर्चासत्र. ‘परिषद’ म्हटलं की आकार मोठा होतो, शिवाय तो संस्थेचाही शब्द आहे. ‘अधिवेशन’ संघटनेचं असतं, दरवर्षी भरणारं. ‘संमेलन’ साहित्याला देऊन टाकलेलं बरं.

आतल्या भूमिकांपैकी सगळ्यांत घोटाळ्याचा शब्द ‘चेअर’. इंग्रजीत विभागाचा प्रमुख, सत्राचा अध्यक्ष आणि कुणाच्या देणगीतून निर्माण झालेलं प्राध्यापकपद, तिन्हींना हाच शब्द आहे. मराठीत अनुक्रमे विभागप्रमुख, सत्राध्यक्ष आणि अध्यासन. ‘त्यांनी तीस वर्षं अमुक खुर्ची भूषवली’ असं वाक्य छापून आलेलं दिसतं. तिथे ‘अमुक अध्यासनाचे प्राध्यापक होते’ हवं. निबंधांवर आधी तयारी करून टिपण मांडणारा तो भाष्यकार. सुरुवातीचं मुख्य भाषण ते बीजभाषण. ज्यांचा गौरव आहे त्यांना ‘सत्कारमूर्ती’ किंवा ‘गौरवमूर्ती’ म्हणतात. मूर्ती हा शब्द स्त्रीलिंगी असला तरी क्रियापद व्यक्तीप्रमाणे चालतं: ‘गौरवमूर्ती बोलले’, बाई असतील तर ‘बोलल्या’. शेवटी ते बोलतात त्याला सवयीने ‘सत्काराला उत्तर देताना’ लिहिलं जातं. पण अशा चर्चासत्रात ते बहुतेक वेळा निबंधांनाच उत्तर देतात, काही मुद्दे मान्य करतात, काही नाकारतात. तेव्हा ‘समारोपात निबंधांवर भाष्य केले’ हे जास्त खरं.

फेस्टश्रिफ्ट हा जर्मन शब्द आहे: फेस्ट म्हणजे उत्सव, श्रिफ्ट म्हणजे लेखन. पद्धत जर्मन विद्यापीठांतून पसरली आणि पुण्यालाही लवकर पोचली. रा. गो. भांडारकरांना अर्पण केलेला निबंधसंग्रह १९१७ सालचा, ज्या वर्षी त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संस्था उभी राहिली. पां. वा. काणे यांना ७ मे १९४१ रोजी, एकसष्टाव्या वाढदिवशी, भारतविद्येवरच्या निबंधांचा ग्रंथ अर्पण झाला. तेव्हा ‘गौरवग्रंथ’ हा या कल्पनेसाठी बळेच घडवलेला प्रतिशब्द वाटायचं कारण नाही, परंपरा आपल्याकडेही आहे. फरक आतल्या मजकुरात आहे. अलीकडच्या मराठी गौरवग्रंथांत बरेचदा अर्धी पानं आठवणी, छायाचित्रं आणि ‘व्यक्ती आणि कार्य’ छापाच्या लेखांची असतात. अमेरिकी गौरवग्रंथात एखादी छोटी प्रस्तावना व्यक्तीबद्दल, शेवटी त्यांच्या लेखनाची सूची, क्वचित त्यांच्याकडे पीएच.डी. केलेल्यांची यादी, मधलं सगळं नवं संशोधन. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘शोधनिबंधांचा गौरवग्रंथ’ असं लिहा, पुढे नुसतं गौरवग्रंथ. मासिकाचा खास अंक असेल तर ‘गौरवांक’, कार्यक्रमात वाटलेली पुस्तिका असेल तर ‘गौरविका’. आणि क्रियापदाचा काळ सांभाळा. निबंध सुधारून, तपासून, छापून यायला चर्चासत्रानंतर वर्ष-दोन वर्षं सहज जातात. ‘गौरवग्रंथाचे प्रकाशन झाले’ असं पहिल्याच बातमीत लिहिलं की पुढे खुलासे करत बसावं लागतं.

‘एमेरिटस’ला सर्रास ‘मानद प्राध्यापक’ लिहितात, ते चूक. मानद म्हणजे केवळ मान म्हणून दिलेलं. कोलंबिया विद्यापीठाने १९५२ साली डॉ. आंबेडकरांना दिलेली एलएल.डी. ही मानद पदवी. तिथलीच त्यांची पीएच.डी. प्रबंध लिहून मिळवलेली. एमेरिटस हा लॅटिन शब्द सेवा पुरी करून मोकळ्या झालेल्या रोमन सैनिकांसाठी होता, म्हणजे त्यात कमावल्याचा अर्थ आहे. ‘गुणश्री’ त्याला शोभतो. मात्र बऱ्याच ठिकाणी ही उपाधी निवृत्तीबरोबर आपोआप मिळत नाही, विद्यापीठ ती ठरावाने देतं. ती जाहीर झाली नसेल तर ‘निवृत्त प्राध्यापक’ लिहून थांबा.

आता विषयाच्या नावाकडे. ‘घटना’ म्हणजे संविधान आणि ‘घटना’ म्हणजे घडलेली गोष्ट. इतिहासाच्या शेजारी हा शब्द बसवला की दुसरा अर्थ पहिल्यावर कुरघोडी करतो. ‘अमेरिकेचा घटनात्मक इतिहास’ वाचून कुणाला सनावळी वाटली तर दोष वाचकाचा नाही. ‘राज्यघटना’ घेतली तर वेगळीच पंचाईत. अमेरिकेत पन्नास राज्यं आहेत आणि प्रत्येकाचं स्वतःचं संविधान आहे. मॅसॅच्युसेट्सचं १७८० सालचं, म्हणजे फिलाडेल्फियात १७८७ साली झालेल्या अमेरिकी संविधानाच्या मसुद्याच्याही आधीचं, आणि ते अजून लागू आहे. तिथे ‘राज्यघटना’ म्हटल्यावर संघाची की राज्याची, हे कळत नाही. ‘संविधान’ घेतलं की दोन्ही अडचणी संपतात: अमेरिकेचं संविधान, मॅसॅच्युसेट्सचं संविधान. विशेषण लागलंच तर ‘सांविधानिक’. ‘संवैधानिक’ हे हिंदीतून आलेलं रूप. ‘घटनादुरुस्ती’, ‘घटनाकार’ हे जोडशब्द पक्के रुळलेत, ते तसेच ठेवा. एका लेखात दोन्ही आले म्हणून काही बिघडत नाही. पण ‘घटनातज्ज्ञ’ नको. राज्यपालांचा निर्णय वैध की अवैध हे संध्याकाळी वाहिनीवर सांगणारे ते घटनातज्ज्ञ. हे इतिहासकार आहेत.

‘कलम’ या शब्दाने खरी गडबड होते. आपण ‘कलम ३७०’ म्हणतो, पण तो अनुच्छेद आहे. भारतीय संविधानापुरतं ते बोलण्यात खपून जातं. अमेरिकी संविधानात मात्र सातच अनुच्छेद आहेत आणि मोठ्या अनुच्छेदांच्या पोटात कलमं. काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, अधिकार अनुच्छेद १, कलम ८ मध्ये आहेत. दोन्हींना कलम म्हटलं तर ‘कलम १ चे कलम ८’ लिहायची वेळ येते.

घटनादुरुस्तीचंही तसंच. आपली बेचाळिसावी घटनादुरुस्ती हा एक कायदा. त्याने मूळ मजकुरात बदल केले, आणि आपण वाचतो ते बदललेलं संविधान. अमेरिकेत मूळ मजकुराला हात न लावता दुरुस्त्या शेवटी जोडतात, आजवर २७. त्यामुळे १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती हा स्वतंत्र उद्धृत करण्याजोगा मजकूर आहे, तिला स्वतःची पाच कलमं आहेत. दारूबंदीची अठरावी १९३३ मध्ये एकविसाव्या घटनादुरुस्तीने रद्द केली, तरी ती छापली जातेच. ‘वगळली’ लिहू नका, ‘रद्द केली’ लिहा. राज्यांनी संविधानाला किंवा दुरुस्तीला संमती देणं याला ‘अनुसमर्थन’ म्हणतात. ‘मंजुरी’ म्हटलं की संसदेतलं मतदान वाटतं.

एक शब्द मी भाषांतर न करता ठेवीन: ‘ड्यू प्रोसेस’. आपल्या अनुच्छेद २१ मधले ‘कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती’ या अर्थाचे शब्द तिथे आणून बसवले तर तो इतिहासाचाच विपर्यास होईल. आपल्या संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव १९४७ मध्ये अमेरिकेत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले होते, आणि भारतीय संविधानाच्या मसुद्यातून ‘ड्यू प्रोसेस’ जाणूनबुजून काढण्यात त्या भेटीचा वाटा होता. म्हणजे एक शब्दयोजना दुसरीला टाळण्यासाठीच घेतलेली आहे. ‘ड्यू प्रोसेस’ लिहून पुढे सांगा: जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावताना सरकारने न्याय्य रीत पाळलीच पाहिजे, हे तत्त्व. ‘मार्बरी विरुद्ध मॅडिसन’ (१८०३) या खटल्याचा उल्लेख आला तर त्यातलं तत्त्व ‘न्यायिक पुनर्विलोकन’, म्हणजे कायदा संविधानाला धरून आहे की नाही हे न्यायालयाने तपासणं. ‘पुनर्विचार’ नव्हे, कारण पुनर्विचार न्यायालय स्वतःच्याच निकालाचा करतं.

बातमीचा मसुदा असा होऊ शकेल:

‘अमेरिकी संविधानाच्या इतिहासाचे ज्येष्ठ अभ्यासक प्रा. अमुक यंदा अध्यापनातून निवृत्त होत आहेत. त्यांच्या गौरवार्थ विद्यापीठात दोन दिवसांचे चर्चासत्र होणार असून, त्यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केलेले अभ्यासक आणि त्यांचे सहकारी संविधानाच्या अनुसमर्थनापासून चौदाव्या घटनादुरुस्तीपर्यंतच्या विषयांवर निबंध वाचतील. समारोपात प्रा. अमुक या निबंधांवर भाष्य करतील. निवडक शोधनिबंधांचा गौरवग्रंथ पुढे प्रसिद्ध होईल.’

‘प्रा. डॉ.’ अशी दुहेरी उपाधी लावायची गरज नाही, ‘प्रा.’ पुरतं. ‘ज्येष्ठ’ मधला ‘ज्ये’ छपाईत ‘जे’ होतो, तेवढं मुद्रितशोधनात बघा. आणि बाई असतील तर ‘अभ्यासक’ तसाच राहतो, फक्त पहिल्या वाक्यातल्या ‘इतिहासाचे’चं ‘इतिहासाच्या’ करा.