पप्पांचा फोन तो रोज चार्जिंगला लावतो

प्रश्न : माझा भाचा 8 वर्षांचा. गणपतीनंतर मोहोळजवळ त्यांच्या मोटारसायकलला ट्रकनं मागून धडक दिली. माझा भाऊ जागीच गेला. पोराच्या मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून आत सळ्या घातल्या. दवाखान्यात होता तोवर ‘पप्पा पुण्याच्या दवाखान्यात आहेत’ असं आम्ही सांगत राहिलो. घरी आल्यावर हार घातलेला फोटो बघून त्याला कळलं. तेव्हा रडला नाही, अजून रडत नाही. डॉक्टर म्हणतात हाड जुळलंय, चालू दे; हा पायच टेकवत नाही. रात्री अंथरूण ओलं करतो. पप्पांचा फोन रोज चार्जिंगला लावतो, तो लावू द्यावा का? धाकट्या बहिणीला म्हणाला, ‘मीच पप्पांना जोरात चला म्हटलं होतं.’ गेल्या वर्षी भावाच्या खांद्यावर बसून त्यानं नंदीध्वज पाहिले होते, यंदाही संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला जायचं म्हणतो. आई म्हणते, वर्ष सरल्याशिवाय सणवार नाही. वहिनी तर बोलतच नाही.
— एक आत्या, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : ताई, ‘मीच जोरात चला म्हटलं होतं’ हे वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं. चार महिने हे पोर एकट्यानं हे ओझं वागवतंय. या वयात मुलांना खरंच वाटतं की आपण बोललो म्हणून तसं घडलं.

समोर बसवून विचारू नका. टॉवेलच्या घड्या घालताना त्याला शेजारी घ्या आणि सहज म्हणा, ‘त्या दिवशी गाडीवर काय बोलत होता रे तुम्ही?’ तो सांगेल तेवढं सगळं ऐका. लगेच ‘तुझी चूक नाही’ म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. मग सांगा : ट्रक मागून आला. तू पप्पांना काय म्हणालास ते त्या ट्रकवाल्याला ऐकूही गेलं नव्हतं. हे त्याला दहा वेळा सांगावं लागेल.

आणि माफी मागा. मी सात वर्षांची असताना आई गेली, मला सांगितलं ती विजापूरला माहेरी गेलीय. रोज संध्याकाळी मी दाराच्या पायरीवर बसायचे. खरं कळल्यावर घरातल्या कुणाचंच खरं वाटेना. पुढं कितीतरी वर्षं कुणी ‘आत्ता येते’ म्हणालं तरी पोटात गोळा यायचा. ‘आम्ही खोटं बोललो, चुकलं आमचं’ हे तुमच्या तोंडून त्याला ऐकू द्या.

तो रडत नाही म्हणून त्याला दुःख नाही असं कुणालाही म्हणू देऊ नका. मुलांचं दुःख तुकड्यातुकड्यानं येतं. गोट्या खेळता खेळता, जेवताना मध्येच. अंथरुणाबद्दल एक शब्द नको, चादर मुकाट्यानं बदला. पाय मात्र डॉक्टरांना पुन्हा दाखवा. इतके दिवस पडून राहिलं की मांडीची ताकद जाते, फिजिओथेरपी लागते. दुखत नसेल तर ती भीती आहे, ढोंग नव्हे. चार महिने झालेत, तेव्हा सिव्हिलच्या मानसोपचार विभागात त्याला न्याच. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो. वहिनींनाही लावून द्या. त्यांचं न बोलणं मला त्याच्या पायाइतकंच काळजीचं वाटतं.

गड्ड्याला न्या. आईंना सांगा, तो सण करायला जात नाहीये, पप्पांबरोबर जिथं गेला होता तिथं जातोय. अक्षता सोहळ्याची गर्दी नको, शोभेच्या दारूची रात्र तर नकोच, त्या आवाजानं अपघात परत अंगावर येईल. एखाद्या दुपारी होम मैदानावर न्या, वॉकर बरोबर ठेवा. एखाद्या दुकानापर्यंत चार पावलं टाकली तर ठीक, नाही टाकली तर उचलून घ्या.

फोन चार्जिंगला लावू द्या. त्यातले भावाचे फोटो आणि आवाजातले मेसेज आधी दुसरीकडे उतरवून ठेवा, बॅटरीचा भरवसा नाही. रिचार्ज चालू ठेवा. रिचार्ज नसेल तर तो नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला मिळतो, आणि हा मुलगा एक दिवस त्या नंबरावर फोन लावून बघणार आहे.