भाचीने नॉर्वेहून क्लाउडबेरीचा जॅम आणलाय. इंदूरमध्ये तो कशाबरोबर खावा?

पोळीला लावून संपवू नका, ही कळकळीची विनंती! टुंड्रात आणि उत्तरेकडच्या दलदलीत हे फळ रानात उगवतं. एका देठाला एकच लागतं, तेही हाताने वेचावं लागतं. कच्चं असताना लाल, पिकलं की केशरी. बिया दाताखाली येतात, तो दोष समजू नका.

नॉर्वेत नाताळाला फेटलेल्या क्रीममध्ये कालवून खातात, त्याला मुल्टेक्रेम म्हणतात. आपल्याकडे मला त्याहून चक्का आवडतो. रात्रभर टांगलेला घट्ट चक्का घ्या, आंबट नको. त्यात दोन चमचे ताजी साय फेटा आणि वरून जॅम घालून हलकेच फिरवा, केशरी रेघा दिसू द्या. साखर जॅममध्ये असतेच, वेगळी नको. वेलची-जायफळही नको, या फळाचा नाजूक वास त्यात पार बुडतो.

फिनलंडमध्ये भाजलेल्या चीजबरोबर हाच जॅम खातात. त्यासाठी ताज्या पनीरचे जाड काप तव्यावर डाग पडेपर्यंत भाजा आणि गरम असतानाच वर जॅम घाला. पाहुण्यांना हेच द्या.

पुढच्या वेळी लिंगनबेरीही मागवा. ती तुरट-आंबट असते, स्वीडनमध्ये खिम्याच्या गोळ्यांबरोबर वाढतात. तिच्यात नैसर्गिक बेंझोइक आम्ल असल्याने पूर्वी ती नुसत्या पाण्यातही टिकवत.

उघडलेली बरणी मात्र फ्रिजमध्येच ठेवा, आणि चमचा कोरडा वापरा.