फुल्या मारून झाल्या, आता तू कुठे आहेस?

अगं, तुझे सगळे फोटो बघितले, काल रात्री एकदा आणि सकाळी परत एकदा. फेअरनेस क्रीमच्या जाहिराती कापून त्या चेहऱ्यांवर काळ्या फुल्या मारल्यास, मेहनत दिसते, पण खरं सांगू का, त्यात तू कुठेच नाहीस.

सिंडी शर्मन नीट बघ, ती अमेरिकन फोटोग्राफर. 1977 ते 80 मधले तिचे 'अनटायटल्ड फिल्म स्टिल्स', सगळे ब्लॅक अँड व्हाइट, सगळ्यांत तीच, विग आणि जुने कपडे घालून, आणि वाटत राहतं की हा सीन आपण कुठल्यातरी पिक्चरमधे बघितलाय, पण तसा पिक्चरच नाहीये! एकात रस्त्याच्या कडेला सुटकेस ठेवून पाठमोरी मुलगी उभी आहे, बस्स एवढंच. तरी आपल्याला तिची काळजी वाटायला लागते. ती भीती फोटोत नाही गं, आपण घरून घेऊन आलोय.

आणि आपल्या जवळची पुष्पमाला एन. मूळची शिल्पकार, 2000 ते 2004 मधे फोटोग्राफर क्लेअर आर्नीबरोबर केलेल्या फोटोंच्या सिरीजमधे ती रविवर्म्याच्या प्रेसमधे छापलेल्या चित्रातली लक्ष्मी होऊन उभी राहिली. तो प्रेस 1894 मधे आपल्या घाटकोपरला सुरू झाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि ती चित्रं घरोघरी देवघरात लागली, माझ्या आजीकडे पण होती. पुष्पमालाने त्या सिरीजमधे तयारीचे फोटो पण मांडलेत, ते आधी बघ, मला तर लक्ष्मीपेक्षा तेच जास्त आवडतात.

आता माझं ऐक. स्थळांना पाठवायला माझा फोटो काढला तेव्हा स्टुडिओवाल्याने निगेटिव्हवर पेन्सिलने टचिंग करून माझ्या हनुवटीवरचा तीळच उडवला, न विचारता. मी किती चिडले होते हे आजवर सगळ्यांना सांगत आले, पण ती कॉपी दोन वर्षं पर्समधे होती आणि आरशासमोर बोटाने तीळ झाकून मी स्वतःला बघायचे, हे कुणालाच नाही सांगितलं.

तुझ्या कामात मला हे दुसरं हवंय. चिडलेली तू दिसतेस, झाकून बघणारी दिसत नाहीस.

तुझा आत्ताचा डीपी कितव्या ट्रायचा आहे? आधीचे डिलीट केले नसशील तर सगळे प्रिंट काढून रविवारी घेऊन ये, फिल्टरवाले पण. चहा माझ्याकडे, येताना खारी आण.