बीपीची सहामाही सुई : नागपुरात मिळेल का?

प्रश्न : वय ५८. टेलमिसार्टन आणि अॅम्लोडिपिन रोज घेतो, पण गोळी अधूनमधून चुकतेच. सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं आरएनएचं इंजेक्शन निघालंय म्हणतात. ते नागपुरात मिळेल का? गोळ्या सुटतील का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : सध्या मिळणार नाही. तुम्ही ऐकलंय ते बहुधा झिलेबेसिरान. त्याच्या चाचण्या अजून चालू आहेत. त्यामुळे कोणी ‘बीपीची आरएनए सुई’ विकायला आणलीच, तर मुळीच घेऊ नका.

आपलं यकृत अँजिओटेन्सिनोजेन नावाचं प्रथिन बनवतं. त्यापासून पुढे अँजिओटेन्सिन-२ तयार होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं. टेलमिसार्टन या साखळीच्या शेवटच्या टोकाला अडवते, तर झिलेबेसिरान सुरुवातच बंद पाडतं. आरएनए म्हणजे पेशीत प्रथिन बनवण्याचा संदेश वाहणारा रेणू; हा त्याच जातीचा छोटासा दुहेरी तुकडा. त्यापासून स्वतःचं प्रथिन बनत नाही. त्याला जोडलेली साखर ओळखून यकृताच्या पेशी त्याला आत घेतात. तिथे तो अँजिओटेन्सिनोजेनचा संदेश वाहणारा आरएनए कापायला लावतो. एकच तुकडा हे काम पुन्हा पुन्हा करतो, म्हणून एका डोसचा असर महिनोन्‌महिने टिकतो.

झिलेबेसिरानच्या कार्डिया-१ चाचणीत इतर औषधं बंद असताना ३०० मिलिग्रॅमने तीन महिन्यांनी २४ तासांचा वरचा बीपी प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या सुईपेक्षा) सुमारे १७ अंकांनी कमी दिसला. कार्डिया-२ मध्ये इंडापामाइडच्या (लघवीवाटे मीठ-पाणी काढणाऱ्या गोळीच्या) जोडीला ही घट सुमारे १२ होती, पण ओल्मेसार्टनच्या जोडीला जेमतेम ४ ते ५. ओल्मेसार्टन तुमच्या टेलमिसार्टनच्याच कुळातली. साखळी आधीच अडवलेली असली की जास्तीचा फायदा थोडाच उरतो. तेव्हा गोळ्या सुटतीलच, असं धरून चालू नका.

आम्हाला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. त्यात जुलाब-उलट्या लागल्या की बीपी एकदम पडू शकतो. अशा वेळी डॉक्टर टेलमिसार्टन थांबवतात आणि तिचा असर काही दिवसांत ओसरतो. टोचलेलं इंजेक्शन मात्र परत काढता येत नाही. चाचण्यांमध्ये काहींचं पोटॅशियमही वाढलं. गरोदरपणात तर ही साखळी अडवणं बाळाच्या मूत्रपिंडांना घातक.

मिठाची सुटका याही औषधात नाही. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत खारट आहारावर ठेवलेल्यांचा बीपी तितकासा उतरला नाही. पूर्ण दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. सावजी रस्सा, पापड, लोणचं, शेव सगळं त्यातच धरा.

गोळी चुकते, तर दोन्ही औषधं एकाच गोळीत देता येतील का, हे डॉक्टरांना विचारा. चुकलेली त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. बीपी घरी मोजताना पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या उंचीला बांधा. सकाळी गोळीआधी आणि रात्री, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सात दिवसांत पहिला दिवस सोडून सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर आली, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.