घडीच्या चाकूची स्प्रिंग लुळी पडली तर आधी काय बघायचं

दापोलीच्या घरातला जुना घडीचा चाकू उघडला तरी पातं लुळं राहतं, स्प्रिंग वाकवून घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात नको.

पात्याच्या धारेवर चिकटपट्टी लावा आणि ते हळूहळू उघडत चाकूची पाठ न्याहाळा. पातं अर्ध्यावर आलं की स्प्रिंगचं टोक पाठीतून वर उचललं जातं. पूर्ण उघडल्यावर ते पुन्हा पाठीशी सपाट बसायला हवं. वरच अडकून राहत असेल तर स्प्रिंगमध्ये जोर आहे, पण मुठीच्या आतल्या दोन पत्र्यांच्या मध्ये गंज आणि कैरीचा चीक साचून ती जखडलीय. किनाऱ्यावरच्या चाकूंचं दुखणं बहुतेक हेच.

आधी सांध्यावर गरम गोडं पाणी ओतत पातं उघडमीट करा, कारण खाऱ्या हवेतून आत गेलेलं मीठ रॉकेलमध्ये विरघळत नाही आणि नुसतं तेल घातलं की ते आतच राहतं. मूठ लाकडाची किंवा हाडाची असेल तर पाण्यात बुडवून ठेवू नका. पूर्ण सुकल्यावर सांध्यात रॉकेल सोडा, रात्रभर ठेवा, बांबूच्या काडीने मळ काढा. पाणी काळं यायचं थांबेपर्यंत हे परत परत करायचं.

पातं आडवं हलत असेल तर दोष ते ज्या पिनेवर फिरतं तिचा. पातं आणि पत्रा यांच्यामध्ये पोस्टकार्डाचा तुकडा घालून पिनेचं डोकं गोल हातोडीने हलकेच ठोका, नाहीतर सांधा आवळून बसतो.

एवढं करूनही जोर नसेल तरच पिना काढा. मधल्या पिनेच्या भोकाजवळ चीर दिसली तर स्प्रिंग नवीनच करावी लागेल. चीर नसेल तर व्हाइसमध्ये तीन सुट्या पिनांवर वाकवायची: दोन पाठीकडून, एक मधोमध पोटाकडून, म्हणजे आतल्या बाजूने. जरा दाबायचं, काढून बघायचं. स्प्रिंग तिच्या दोन पिनांवर बसवून उघडं पातं तिला टेकवलं की पात्याचं भोक पत्र्याच्या भोकापासून साधारण 1 मिमी खाली पडलं पाहिजे. जास्त ताण दिलात तर नख लावून पातं उघडणार नाही, आणि सांधाही लवकर झिजेल.

स्प्रिंग सहज वाकते आणि वाकलेलीच राहते? मग तिचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलंय. लोहाराकडून लोहचुंबक चिकटेनासा होईपर्यंत लाल तापवून तेलात विझवून घ्या, मग घासून चकचकीत करून सुमारे 300 अंशांवर, सगळीकडे सारखा निळा रंग येईपर्यंत पुन्हा तापवा. हा निळा तापवणा चुकवलात तर ती काचेसारखी तुटेल.

शेवटी सांध्यात शिलाई मशीनचं तेल, एक थेंब. खोबरेल नको, 24 अंशांच्या खाली ते थिजतं आणि पातं पुन्हा जड चालतं.