हनन्याची दोन वर्षं

प्रिय मुला,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी मागच्या बाकावर बसून तुझा संदेश ऐकला. आवाज खणखणीत, अभ्यासही दिसला. बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ वचन घेतलंस, देवाचे संकल्प आपल्या हिताचे आहेत म्हणालास. तिथवर छान होतं. मग म्हणालास, "याच वर्षी नोकरी, घर, आरोग्य, सगळं परत मिळेल!" हिंजवडीतली नोकरी गेलेला तो पोरगा माझ्या पुढेच बसला होता. सगळ्यात मोठ्यानं आमेन तोच म्हणाला. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय.

अरे, त्याच्या आधीचं दहावं वचन वाच. तिथं बंदिवासाची सत्तर वर्षं लिहिली आहेत. यिर्मयानं ते पत्र यरुशलेमेतून बाबेलात नेलेल्या बंदिवानांना धाडलं होतं: घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ज्यांनी ते ऐकलं त्यातल्या बहुतेकांना यरुशलेम पुन्हा दिसणार नव्हतं. वचन खरंच होतं. मुदत आपण घातली.

आणि अठ्ठाविसावा अध्याय. हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो, दोन वर्षांत बाबेलला नेलेली मंदिराची भांडी परत येतील, बंदिवान परत येतील. यिर्मया त्याला काय म्हणतो? आमेन, परमेश्वर तसंच करो. मला हे फार भावतं. त्यालाही तेच हवं होतं रे! लोकांना दुखवण्यात त्याला सुख नव्हतं. पण देवानं जे सांगितलं नव्हतं ते देवाच्या नावावर खपवायला तो तयार झाला नाही.

मी एकदा हनन्या झालो होतो. तिशीत होतो, कॅम्पातल्या एका घरी आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला गेलो आणि भरात बोलून गेलो, "प्रभू तुम्हांला उठवणारच." चौथ्या दिवशी त्यांची माती झाली. दफनभूमीतून परतताना त्यांच्या पत्नीनं हळूच विचारलं, "पाळकसाहेब, आमचा विश्वास कमी पडला का?" कमी मी पडलो होतो, आणि दोष ती बाई स्वतःकडे घेत होती. प्रभू बरं करू शकतो, हे मी आजही बिछान्याशी बसून सांगतो. करीलच, हे सांगायचा अधिकार मला कोणी दिला?

पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू आणि ग्रीकशी झुंजून अख्खं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईलाही कळावं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. एकेका शब्दासाठी त्यांनी वर्षं घातली. आपण निदान मागचं-पुढचं वचन तरी वाचावं.

त्या पोराला या आठवड्यात भेट. व्यासपीठावरून नको, घरी जा, चहा घे, आणि सरळ सांग की वर्षाची मुदत माझी होती, देवाची नव्हे. लाज वाटेल. वाटू दे. त्याच्या बायोडेटासाठी कोणाशी बोलता आलं तर तेही बघ.

शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे ये. दोघं मिळून अठ्ठावीस आणि एकोणतीस सलग वाचू. रमाबाईंचं भाषांतर कपाटातून काढून ठेवतो.

तुझा,
काका